बारा चकत्या

बारा औषधांच्या बारा चकत्या, आणि एकीभोवतीही मोकळं कडं नाही. जंतू प्रत्येक चकतीला अगदी खेटून वाढलेले; एकाही औषधाला ते दाद देत नव्हते. बिल्किसने जंतू वाढवायची ती झाकणबंद बशी उचलली आणि प्रयोगशाळेतून तडक वॉर्ड गाठला.

अमारा गावच्या इस्पितळात ती बावीस वर्षं जंतू तपासत होती. हाच जंतू पूर्वी दिसला, की 'माती पडली असेल' म्हणून ती बशी फेकून द्यायची. नदीकाठच्या मातीत राहणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आता तो मुल्ला मिजबिलांच्या पायात होता आणि घोट्यापर्यंत चढला होता.

मुहर्रमचा मंडप उभारताना लोखंडी खुंटी त्यांच्या तळव्यात घुसली होती. मुल्ला म्हणजे गावाचा आवाज. मिंबरवर, त्या पायऱ्यांच्या उंच आसनावर बसून त्यांनी इमाम हुसैनच्या हौतात्म्याची कथा गायला घेतली, की मासळीवाल्या बाया टोपल्या विसरून उभ्या राहत. बिल्किस त्याच आवाजावर रडत मोठी झाली होती.

खाटेशी शनावा पिशवीतून सुई काढत होता. घरोघर जाऊन इंजेक्शनं टोचायची, हा त्याचा धंदा.

"ठेव ती खाली!"

"अगं बाई, दरवर्षीचीच आहे. मुल्लांचा गळा..."

"गळा? पाय चाललाय त्यांचा!"

मुल्ला हसले. "त्याला कशाला झापतेस, पोरी? पंचवीस वर्षं मुहर्रमच्या आधी तीन सुया घेतोय. आवाज बसत नाही. सगळ्या गाणाऱ्यांना हे मीच शिकवलंय."

"तीनच! चौथी कधी नाही. जंतू मारायचं औषध, आणि तेही दरवर्षी अर्धवट. दरवेळी दुबळे जंतू मेले, चिवट तेवढे उरले. आणि ते काही एकलकोंडे नसतात, काका. तगायची युक्ती शेजारच्या जंतूच्या हातावर ठेवतात. हा मातीतला गरीब जीव तुमच्या अंगावर बसून सगळं शिकला. अल्लाहने त्याला मातीत ठेवला होता. खुनी आपण केला! तुम्ही, या शनावाने, आणि बशा फेकून देऊन मी!"

शनावा दाराकडे सरकला.

"औषध?" मुल्लांनी विचारलं.

"एकही चालत नाही. उद्या सकाळी पाय कापतील."

मुल्लांनी पांघरूण पायावर ओढलं. "मिंबरला पाच पायऱ्या आहेत गं."

"उचलून नेतील तुम्हांला." तिने बशी त्यांच्यासमोर धरली. "पण वर बसून हे सुयांचं सांगणार असाल, तरच मी ऐकायला येईन. सगळ्या गाणाऱ्यांसमोर. नाहीतर माझ्यापुरता तो आवाज संपला."

मुल्लांनी डोळे मिटले.

"शनावा, जाऊ नकोस. पिशवी इथंच ठेव."

आणि हलक्या आवाजात, मिंबरवरच्याच चालीत, त्यांनी स्वतःचीच कथा खुंटीपासून गायला सुरुवात केली. शेजारच्या खाटांवरचे लोक उठून बसले. शनावाने तोंड झाकून घेतलं. बिल्किस मात्र कोरड्या डोळ्यांनी उभी होती, एखादा शब्द गाळतात का ते बघत.

सुयांपाशी आवाज अडखळला.

"कोणी शिकवलं, तेही सांगा," ती म्हणाली.

"मी," मुल्लांनी सूर लावला, "मी शिकवलं हो..."