मेलेल्या पक्ष्यांचा रकाना

या पक्ष्याच्या चोचीवर एक आखूड नळी असते. तिच्या टोकाशी खाऱ्या पाण्याचा थेंब थरथरत होता. वारा नव्हता, म्हणजे पक्षी अजून श्वास घेत होता. मी डेकवर गुडघे टेकून पाहत राहिले. फटफटत होतं. पाच वाजून एक्केचाळीस मिनिटांनी थेंब स्थिर झाला.

"सरका बाई," फाउस्तो खलाशी झाडू घेऊन उभा होता. "पाहुणे उठायच्या आत आणखी सहांना पाण्यात सोडायचंय."

"सहा?"

"पुढे चार, होडीत दोन. काल शार्क कसे झकास दिसले! त्याचं भाडं."

शार्क जवळ यावेत म्हणून रात्री जहाजाच्या मागच्या मोठ्या दिव्याचा झोत पाण्यावर सोडतात. त्याला बंदी आहे, कारण बेटावरच्या बिळांकडे परतणारे हे पक्षी, आम्ही त्यांना पातापेगादा म्हणतो, उजेडाला भुलून जहाजावर आदळतात. प्रत्येक सफरीनंतर वाटाड्याने इथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या कचेरीला अहवाल द्यायचा असतो. त्यात 'जहाजावर मेलेले पक्षी' असा एक रकाना आहे. वाटाडी मी आहे आणि कप्तान माझे वडील. तेवीस सफरी मी तिथे शून्य लिहिलंय. खरे आकडे माझ्या खिशातल्या वहीत आहेत. ते दिले तर बाबांचा परवाना जाईल. त्यांच्या निवृत्तीला अकरा महिने उरलेत.

मी पक्षी उलटा केला. डाव्या पायात नोंदीसाठी घालतात ती क्रमांकाची कडी होती. क्रमांक ओळखीचा निघाला. विद्यार्थिनी असताना सान क्रिस्तोबाल बेटाच्या डोंगरावर, बिळापाशी चिखलात आडवी पडून, ती मीच घातली होती. जोडीला वर्षाला एकच अंडं होतं. या दिवसांत बिळात पिल्लू असतं, आणि एकट्या जोडीदाराला ते सहसा पोसवत नाही.

"कॉफी गार होतेय, पोरी." बाबा मागे उभे होते. "टाक तो पाण्यात."

"बाबा, दिवा बंद करा म्हणून मी कितीदा सांगितलं?"

"मोजत नाही बुवा. मोजायचं काम तुझं."

"याला मी कडी घातली होती."

"मग काय बारसं करायचं होतं त्याचं?" त्यांचा आवाज उतरला. "याच दिव्याने तुला शिकवलं, इमेल्दा. आता ते शिक्षण माझ्यावरच चालवतेस? अकरा महिने कळ काढ."

मी खिशातली वही चाचपली.

शाल लपेटलेली एक म्हातारी पाहुणी जिना चढून आली. पक्षी पाहून ती हळूच वाकली. "झोपलाय का?"

पाहुण्यांसमोर आमच्याकडे काही मेलेलं नसतं. किनाऱ्यावरचं समुद्रसिंहाचं उपाशी पिल्लू झोपलेलं असतं, खडकावरचा वाळलेला सरडा ऊन खात असतो. हे मीच नव्या वाटाड्यांना शिकवते.

"हो, बाईसाहेब," बाबा हसून म्हणाले. "रात्रभर उडून दमलाय." मग मी मान डोलवावी म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

फाउस्तोचा झाडू थांबला.

"नाही," मी म्हणाले. "मेलाय. आमच्या दिव्यामुळे." मग बाबांकडे वळले. "आजच्या अहवालात मी सात लिहिणार आहे, बाबा. आणि मागच्या तेवीस सफरींचेही सगळे आकडे."