नाव नसलेल्या हातांचं पिस्तूल

मी आजवर एकाही माणसावर रोखला गेलेलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पिस्तूल म्हटलं की लोक दोन पावलं मागं सरतात. माझ्या गोळ्या पुठ्ठ्याच्या निशाणांवर संपतात आणि त्याचा मला अभिमान आहे.

माझा जन्म फिलिपिन्समधल्या सेबू बेटावरच्या दानाओचा. बंदुका घडवणाऱ्या या गावात घरटी एक कानस सापडेल. क्रिसान्तो बातुकान हे इथले जुने कारागीर. तरुणपणी ते डोंगरात लपून बंदुका घडवायचे. पकडले जाऊ नये म्हणून आपल्या कामावर नाव घालायचं नाही, ही तेव्हाची रीत. पुढे परवाना मिळाला, पत्र्याच्या शेडवर पाटी लागली, तरी त्यांचा हात नावापाशी थबकायचाच.

त्यांची मुलगी देल्मा शाळेत गणित शिकवते आणि नेमबाजीच्या स्पर्धा खेळते. मोटरसायकलवरून पडून तिचं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण प्रत्येक बाराचा झटका आता नेमका तिथंच बसायचा. संघाची निवड तीन महिन्यांवर आली होती.

"बाबा, झटका न देणारं पिस्तूल करा. आणि त्यावर तुमचं नाव घाला. आपल्या गावाचं नाव पोलिसांच्या कागदावरच किती दिवस वाचायचं?"

"आधी चालू तर दे. नावाचं काय घेऊन बसलीस."

असा मी घडलो. नळीच्या टोकाला त्यांनी कॉम्पेन्सेटर बसवला, म्हणजे वरच्या अंगाला खाचा पाडलेला पोलादी ठोकळा. बार उडाला की तापलेला वायू त्या खाचांतून वर उसळतो आणि माझं तोंड खाली दाबून धरतो.

मनगट दुखेना. पण मी दर चौथ्या बाराला अडकू लागलो. रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या आत दारातच चिमटायची. बाराच्या जोरानं मागं सरकणारा माझा वरचा भाग पुन्हा पुढं ढकलणारी स्प्रिंग क्रिसान्तोंनी आणखी कडक घातली. मी आणखी अडकलो.

"हा ठोकळाच अपशकुनी. कापून टाकतो."

"मग माझं मनगटही कापा," देल्मा म्हणाली. "ही स्प्रिंग आहे की तुरुंगाचं दार?"

"चाळीस वर्षं हीच घालतोय. एक तक्रार आली नाही."

"कशी येईल? तुमचा नावपत्ता कुणाकडे होता?"

क्रिसान्तोंनी हातातली स्प्रिंग खाली ठेवली. देल्माचा आवाज उतरला. "बाबा, अर्धा जोर वरच्या खाचांतून निघून जातो. एवढी कडक स्प्रिंग मागं रेटायला उरतो किती?"

ते कॉफी प्यायला निघून गेले. परतले ते मऊ स्प्रिंग घेऊनच. त्या दिवशी शंभर बार झाले, एकही अडकला नाही. तरी नाव त्यांनी घातलं नाही. "निवड होऊ दे," म्हणाले.

निवडीच्या दिवशी ते कुंपणापाशी उभे होते. हातात माडाच्या पातीत शिजवलेल्या भाताची पुडी, न सोडलेली. शेवटच्या फेरीत बत्तीस बार. एक जरी अडकला असता तरी देल्मा घरी गेली असती. बत्तिसावी पुंगळी वाळूत पडली आणि मी सुटलो. मी रिकामा असल्याचं पंचांनी बघून घेतलं. संघात चौघी होत्या, देल्मा चौथी.

तिनं कुंपणापाशी जाऊन मनगट फिरवून दाखवलं. "दुखत नाही, बाबा."

क्रिसान्तोंनी पुडी सोडली आणि उभ्याउभ्याच सगळा भात संपवला.

घरी आल्यावर त्यांनी अक्षरांचे ठसे मागवून घेतले. एकेक ठसा त्यांनी माझ्या पोलादावर हातोडीनं ठोकला. 'बातुकान, दानाओ' यातलं एक अक्षर तिरकं बसलं.

आता मी गादी लावलेल्या पेटीत पुढच्या स्पर्धेची वाट बघतो. कारागिरांनो, एवढंच मागतो: ज्यावर आपलं नाव घालायची लाज वाटेल, असं काही घडवू नका. ते तिरकं अक्षर क्रिसान्तो अजूनही घासून सरळ करायला निघतात. देल्मा करू देत नाही.