खिडकी बदललेला कूलर

मित्रांनो, मी प्रताप नगरातल्या मुलींच्या वसतिगृहातला एक जुना कूलर आहे. सक्करदऱ्याच्या एका कारागिराने मला पत्र्यातून घडवलं, तेव्हा मी निळा, चकचकीत होतो. आता गंज चढलाय. आवाज मात्र अजून दणदणीत आहे. पावसाळ्यापासून होळीपर्यंत माझ्यावर रद्दी रचतात. गरज सरो, वैद्य मरो! ऊन तापलं की माझ्या बाजूंना ताज्या वाळ्याच्या गवती ताट्या लावतात, टाकी भरतात आणि मीही राग विसरतो.

माझ्या खोलीत तिघी राहतात. मुग्धा सांजेला देवापुढे दिवा लावते. सरिता बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना म्हणते. शिरीन कोपऱ्यात नमाज पढते आणि मग सरिताला गणित शिकवते. सरिता मागच्या वर्षी गणितात नापास झाली होती. यंदाही राहिली, तर वडील तिला गावी नेणार होते.

माझा झोत नेमका मूर्तींवर जाई. म्हणून दिवा लागला की मला बंद करत, मेणबत्ती लागली की पुन्हा बंद. मे महिन्यात घामाने वह्या ओल्या होत. एका सांजेला शिरीनने वैतागून माझं बटण दाबलं आणि दिवा विझला.

"मुद्दाम केलं तू!" मुग्धा रडू लागली.

"गर्मीत शिकवून पाहा न वं!" शिरीनही भडकली.

भांडण ऐकून अधीक्षिका सिंधूताई आल्या. "रोजची कटकट आहे तुमची. उद्यापासून आपापल्या धर्माच्या पोरींसंग राहा."

"ताई, मग मले गणित कोण शिकवन?" सरिता पुढे आली.

मला फार वाईट वाटलं. मग मुग्धानेच डोळे पुसले. "खोली काहून बदलवायची? कूलर त्या पश्चिमेच्या खिडकीत नेऊ न."

टाकी रिकामी करून तिघींनी जोर लावला. मी जागचा हललो नाही. पुन्हा लावला, तरी नाही. तिघीही मागे हटेनात. शेवटी सिंधूताईंनी पदर खोचला. "सरका वं, मी धरतो इकडून."

आता पश्चिमेचं ऊन थेट माझ्या पाठीवर येतं. येऊ दे! दिवा तेवतो, मेणबत्ती जळते, वारा वह्यांवर येतो. सरिता गणितात पास झाली, तेव्हा ती माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडली.

मित्रांनो, माझी टाकी साफ ठेवा, ताट्या बदला. आणि माणसांना वेगळं करण्याआधी एकदा कूलर हलवून बघा. मी जड आहे, पण चौघींनी हात लावला की हलतो.