नवमीच्या पूजेतली वही

"पासवर्ड डोक्यात ठेवायचा, मंजुषा. कागदावर नाही. कागदाला पाय फुटतात."

निवृत्त होताना ज्योतीरामकाका सर्व्हर रूमच्या दारात उभे राहून मला हे म्हणाले होते. महाळुंग्यातल्या आमच्या कारखान्यात मोटारींच्या सीटच्या चौकटी बनतात. कुठली चौकट कुठल्या गाडीत गेली, हे सगळं एका डेटाबेसमध्ये असतं. त्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड काकांनंतर दोघांकडेच राहिला, आमचे विभागप्रमुख निरंजन सर आणि मी.

दोन दिवसांच्या सुट्टीनंतर शनिवारी सकाळी मी नेहमीसारखा सर्व्हरचा लॉग उघडला. कोण आलं, किती वाजता आलं, याची नोंद तिथे आपोआप होते. दसऱ्याच्या दिवशी, कारखाना बंद असताना, अकरा वीसला कुणीतरी अ‍ॅडमिन म्हणून आत आलं होतं. चार मिनिटं थांबून गेलं होतं. काही पुसलेलं नव्हतं, काही बदललेलंही दिसत नव्हतं. त्याचीच मला जास्त भीती वाटली. नुसतं बघून गेलेला माणूस पुन्हा येतो.

मी लगेच निरंजन सरांना दाखवलं. जोडणी बाहेरची होती, पुरवठादारांना आम्ही देतो त्यातली. सर म्हणाले, मग शोधायचं कशाला? लेबलं छापायचा प्रोग्राम बाहेरच्या कंपनीच्या त्या प्रज्वलने बसवलाय आणि त्यात हाच पासवर्ड घातलेला आहे. त्यांनी तिथूनच गेटवर फोन लावला आणि प्रज्वलचा पास थांबवला. एक वाजता त्याच्या कंपनीला तक्रारीचा मेल जाणार होता. तो गेला की पोराची नोकरी गेलीच. पासवर्ड तरी आत्ता बदलूया, असं मी हळूच सुचवलं.

"बदलला की लेबलं थांबणार, ट्रक उभे राहणार. रविवारी बघू. चोर गेटबाहेर आहे, मॅडम."

मी जागेवर येऊन बसले, पण मन मानेना. तो प्रोग्राम बसवताना पासवर्ड मीच टाकला होता आणि प्रज्वल न सांगता भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता. मग त्याला कळला कधी? नवमीच्या पूजेच्या गडबडीत तो माझ्या टेबलापाशी आला होता का, हे बघायला मी कंपनीच्या ग्रुपवरचे फोटो उघडले.

खंडेनवमीला आमच्याकडे प्रत्येक विभाग आपापली हत्यारं पूजेला मांडतो. टूलरूमवाले मायक्रोमीटर मांडतात, वेल्डिंगवाले त्यांचे टॉर्च. आम्ही कीबोर्ड, स्क्रूड्रायव्हर आणि सर्व्हर रूमची चावी मांडली होती. माझ्याबरोबर काम करणारी तेजल म्हणाली, "ताई, तुमचं खरं हत्यार तर ती वही." मला ते आवडलं. रोज अंघोळ झाली की एकशे आठ वेळा रामनाम लिहिल्याशिवाय मी पाणीसुद्धा घेत नाही. ती वही पर्समध्येच असते. मी ती चौरंगावर ठेवली. झेंडू नीट बसावा म्हणून तेजलने ती मधोमध उघडली आणि फोटो काढला.

तो फोटो मी दोन बोटांनी मोठा केला. रामनामाच्या ओळी, आणि त्यांच्यामध्ये एक ओळ इंग्रजी अक्षरांची, आकड्यांची. माझ्याच सुवाच्य अक्षरात.

ऑगस्टमध्ये सरांनी नवा पासवर्ड ठरवला होता, बावीस अक्षरांचा, कशाचा कशाला मेळ नाही. विसरेन या धास्तीने दोन दिवस माझं जपात लक्ष लागेना. तिसऱ्या दिवशी लिहितालिहिता तो त्याच पानावर लिहून टाकला. देवाच्या वहीत कोण बघतंय, असं तेव्हा वाटलं. आठवड्यात पाठ झाला. पान तसंच राहिलं.

ग्रुपवर दोनशे चौदा माणसं. आमचे कामगार, पुरवठादार, ट्रान्सपोर्टवाले.

फोटो काढून टाक, असं मी तेजलला सांगितलं. ती हसायला लागली. "का हो ताई, छान तर आलाय. आणि आता माझ्याच मोबाईलमधून जाईल, सगळ्यांच्या नाही. तीन दिवस झाले ना. ग्रुप सरांचा आहे, त्यांना सांगा."

सरांना सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं. तेरा वर्षांची नोकरी, त्यात असा डाग. पान फाडून टाकलं तर वहीत काही उरणार नाही, हाही विचार आला. खोटं कशाला बोलू? पण विचार आला खरा. रविवारी पासवर्ड बदलला जाईल, फोटोकडे कुणी बघणार नाही आणि सगळं प्रज्वलवर जाईल. तोपर्यंत मात्र दार सताड उघडं. मी दर दोन मिनिटांनी लॉग बघत होते. सर निवांत होते, कारण त्यांच्या हिशेबी चोर सापडला होता.

बारा वाजून गेल्यावर मी गेटबाहेर गेले. चहाच्या गाडीशेजारी प्रज्वल मोटरसायकलवर बसून होता. तो लातूरकडचा, कुरुळीत खोली घेऊन राहतो. मला बघून उठला नाही. दसऱ्याला गावाकडं आईला घेऊन दवाखान्यात होतो, असं त्याने सांगितलं, पण मोबाईल असला की माणूस कुठूनही आत शिरतो, असं वॉचमननेच त्याला ऐकवलं होतं.

"ताई, तुमी पासवर्ड टाकला तवा मी भिंतीकडं बघत होतो. आठवतंय का?"

"आठवतंय."

"मग तेवढं तरी सांगा की सायबाला. आख्खी कंपनी तुमाला देवमाणूस म्हणती."

ते शेवटचं वाक्य मला झोंबलं. त्याला झोंबवायचंच होतं.

"तेवढंच नाही," मी म्हणाले. "पासवर्ड माझ्याकडून बाहेर गेलाय. मेल जायच्या आत सरांना सांगते. आणि लेबलांमध्ये नवा पासवर्ड घालायला तुम्हीच लागणार आहात, आजच. शब्द देते."

चहाचा कप बाजूला ठेवून तो म्हणाला, "हितंच थांबतो मग."

एकला वीस मिनिटं कमी होती. मी गेटवर कार्ड लावलं. डिस्पॅचमध्ये लेबलांची पट्टी करकरत बाहेर येत होती, दोन ट्रक भरून उभे होते. तो आवाज थोड्या वेळात माझ्यामुळे बंद पडणार होता. जिन्याखाली थांबून मी वही उघडून ते पान शोधलं, खूण म्हणून मध्ये बोट घालून वही मिटली आणि सरांच्या केबिनकडे पायऱ्या चढू लागले.