झोळीची दोरी

झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून हर्षला स्वयंपाकघरात वाल सोलत बसली होती. पाय जरा थांबला की आतल्या खोलीतून कुरकुर सुरू. पोटरीला गोळे आले होते, नणंद भिवपुरीहून जेवायला निघाली होती आणि पाच वर्षांचा साईनाथ मगापासून गप्प होता. तो गप्प म्हणजे नक्की काहीतरी उद्योग चाललेला.

तेवढ्यात मागच्या दाराने सासूबाई आत आल्या. कडेवर तान्ही मुलगी, तेल लावून न्हाऊ घातलेली.

"ही कवाची माझ्याकडं हाय. तू कुनाला झोके देतेस गं?"

दोरी सोडून हर्षला तणतणत आतल्या खोलीत गेली. झोळीत साईनाथ गुडघे पोटाशी घेऊन पडला होता.

"मी बाळासारखा रडलो," तो म्हणाला, "तर तू लगेच झोका दिलास."