सांभाळणारा कोण?

शिंपीणबाईंच्या नवऱ्याने बायको सोडली, घर सोडलं, पण भत्ता काही सोडला नाही. बाईंचे पाय अधू. त्यांच्या पेन्शनबरोबर सरकार सांभाळणाऱ्यालाही चार पैसे देतं आणि ते अजून नवऱ्याच्याच खात्यात पडत होते. ते बंद करायला बाई व्हीलचेअर हाकत कचेरीत आल्या, तर हे महाशय आधीच कारकुनासमोर हजर.

"वेगळे राहतो साहेब, पण हिचं सगळं मीच करतो."

कारकुनाने बाईंच्या डोक्यावरून त्यालाच विचारलं, "यांना समजतं ना?"

"पाय गेलेत, अक्कल शाबूत आहे!" बाई कडाडल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "अहो, सगळं करता ना? मग उचला मला आणि त्या बाकावर बसवा. साहेबांना बघू दे."

नवऱ्याने बाईंच्या काखेत हात घालून जोर लावला. खुर्ची सर्रकन मागे सरकली आणि बाई मध्येच लोंबकळल्या. कारकुनाने धावत येऊन खुर्ची धरली, म्हणून वाचल्या.

"आधी ब्रेक लावतात, मेल्या! सात वर्षं भत्ता खाल्लास आणि ब्रेक कुठे असतो तेही ठाऊक नाही?"

नवऱ्याला एकाएकी बाहेरची कामं आठवली. कारकुनाने त्याचं नाव खोडलं.

"मग सांभाळणारा म्हणून कोणाचं नाव लिहू?"

"माझं."

"स्वतःचं चालत नाही, बाई."

"चालत तर मीही नाही. लिहा!"