आउटरचा सिग्नल

शालिकने करवत प्लायवूडवर टेकवली आणि डोळे मिटून घेतले. मग उघडले, कारण डोळे मिटून काही लाकूड कापता येत नाही.

पाचपावलीच्या त्या बोळात मेटाडोर कशीबशी शिरली होती, पण आठ फुटी प्लायवूड काही केल्या दारात वळेना. मेटाडोरवाला घाई करत होता. शेजारची कांताबाई आपल्या ओट्यावरून फुकटचे सल्ले देत होती. आणि प्लायवूडवर शालिकची सगळी रेल्वे होती. डालड्याच्या पत्र्यातून कापलेले डबे, पितळी पट्ट्यांना डाख देऊन बसवलेले रूळ, बांबूच्या कांबींचे स्लीपर, मधे पूल आणि मालधक्का, एका टोकाला कौलारू स्टेशन, आणि पार दुसऱ्या टोकाला, स्टेशनाच्या बरंच अलीकडे, आउटरचा सिग्नल, स्टेशनात शिरण्याआधी गाडी अडवून धरणारा. त्याचा बोटभर लाल हात खालच्या तारेने वर-खाली व्हायचा; आडवा म्हणजे थांबा, पडला म्हणजे चला.

"काप ना गा," त्याची आई अंजनाबाई दारातून म्हणाली. "लाकूडच हाय ते."

लाकूडच होतं, खोटं नाही. पण चाळिशीला टेकलेल्या, लग्नाच्या भानगडीत न पडलेल्या माणसाने ड्युटीनंतरच्या सगळ्या संध्याकाळी त्या लाकडासमोर घालवल्या असल्या, तर असं बोलणं लागतंच. शालिकने आधी रूळ कापले, मग एका दमात प्लायवूड. मेटाडोरवाल्याने एक तुकडा उचलला, कांताबाईने पदर खोचून दुसऱ्याला हात लावला, आणि इतक्या वेळात पहिल्यांदाच शालिकने घराच्या आत नजर टाकली.

"बाबा कुठी हाये?"

अंजनाबाईने मागे वळून पाहिलं. खाट रिकामी होती. खुंटीवरची पिशवीही गेली होती.

शालिक करवत तिथेच टाकून धावत सुटला.

त्याचा बाप देवाजी छोट्या लाइनवर, म्हणजे नॅरोगेजवर, ड्रायव्हर होता. कोळसा फोडण्यापासून सुरुवात करून तो इंजिनाच्या दांड्यापर्यंत पोचला आणि अख्ख्या नोकरीत त्याने एकदाही सिग्नल तोडला नाही, याचा त्याला पगारापेक्षा जास्त अभिमान होता. निवृत्त झाल्यावर काही वर्षं बरी गेली. मग डोकं हळूहळू मागे जाऊ लागलं. उठायचा, पिशवीत रिकामा डबा टाकायचा आणि ड्युटीवर निघायचा. दोनदा लोकांनी मोतीबागेच्या लोकोशेडच्या वाटेवरून परत आणला. तिसऱ्यांदा तो फाटकापाशी, रुळांच्या मधोमध सापडला. तेव्हा कोराडीच्या वीज कारखान्यात फिटर असलेल्या शालिकला निरोप गेला. कांताबाईचं म्हणणं होतं, बाहेरून कुलूप लावा. "कैदी नाई हायेत ते," एवढंच अंजनाबाई म्हणाली. मग शालिकने क्वार्टर सोडलं आणि रेल्वेसकट घरी आला. त्या रेल्वेकडे देवाजीने कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. इंजिन चालवणाऱ्याचं पोरगं इंजिनाशी खेळतं, हे त्याला कुठे सांगायलाही लाज वाटायची.

आजही तो फाटकापाशीच होता. फाटकवाल्याने त्याचा दंड घट्ट धरला होता आणि समोरून मालगाडी खडखडत चालली होती.

"आज मी होतो म्हनून," फाटकवाला म्हणाला. "उद्या दुसरा कोनी राहीन इथं. सांभाळा ना जी बुढ्याले."

शालिक बापाला घेऊन निघाला. देवाजी वाटेत मुकाट चालला, पण घराचा उंबरठा ओलांडताच थबकला.

मधल्या वेळात कांताबाईने आणि मेटाडोरवाल्याने दोन्ही तुकडे ट्रंकांवर टेकवून भिंतीशी ओळीने लावले होते. आउटरचा तुकडा दाराशी आला होता, स्टेशनाचा आत, चुलीच्या बाजूला.

"काहून थांबले, बाबा? चला ना."

देवाजीने हनुवटीने प्लायवूडकडे दाखवलं. सिग्नलचा लाल हात आडवा होता.

"सिग्नल नाई," तो म्हणाला आणि दाराजवळच्या स्टुलावर बसला, पिशवी मांडीवर घेऊन.

दुसऱ्या दिवशी शालिक दचकून उठला आणि दाराकडे धावला. बाप स्टुलावरच होता, दाराकडे पाठ करून. दुपारी तिथेच होता. तिसऱ्या दिवशीही तिथेच. अंजनाबाईने हात धरून अंगणात नेला की जायचा आणि परत येऊन त्याच जागी बसायचा. दार सताड उघडं असलं तरी फाटकाकडे जायचं नाव नाही. शालिकच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हात आडवा आहे तोवर म्हातारा हलत नाही! जे कुलपाने झालं असतं ते बोटभर पत्र्याने केलं होतं, आणि कैद केल्याचा ठपकाही कोणावर नव्हता. त्याला हसू आवरेना. त्याने आईला बजावून सांगितलं, या तारेला कोणी हात लावायचा नाही.

संध्याकाळी सवयीने त्याने कापलेले रूळ जोडले आणि इंजिन सोडलं. इंजिन गुरगुरत आलं आणि आडव्या हाताखालून पुढे गेलं.

देवाजी ताडकन उभा राहिला. "तोडला! सिग्नल तोडला त्यानं!" तो ओरडला. "अरे, समोरून गाडी असंन! पकडा ना त्याले कोनी!"

अंजनाबाईने त्याला छातीशी धरला, तरी बराच वेळ तो कापत होता. शालिकने इंजिन उचलून डब्यात ठेवलं. त्यानंतर ती रेल्वे चालली नाही. चालवायची तर सिग्नल पाडावा लागला असता, आणि सिग्नल पाडायची शालिकची छाती नव्हती.

तसे दिवस बरे चालले होते. कोराडीच्या बसमध्ये शालिकला आता डुलकी लागायची. कांताबाई बोळातल्या बायांना सांगायची, पोराच्या खेळण्याने बाप ताळ्यावर आला. शालिकलाही ते ऐकायला गोड वाटायचं, उगाच कशाला नाकारा. आईने एकदोनदा सांगून पाहिलं की ते खाटेवर यायला तयार नाहीत, बसल्या बसल्याच डोळा लागतो. "बसते तर बसू दे ना," शालिक म्हणाला होता. "हरवत तर नाईत."

पुढच्या आठवड्यात एकदा तो पहिल्या पाळीहून परतला तेव्हा अंजनाबाई स्टुलासमोर जमिनीवर बसली होती. देवाजीचे पाय कोमट पाण्याच्या घमेल्यात होते. पोटऱ्या तटतटल्या होत्या, घोटे दिसेनासे झाले होते.

"पाह्य," ती म्हणाली आणि अंगठ्याने दाबलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

शालिकने पिशवी खाली ठेवली. "डॉक्टरले आनतो."

"डॉक्टर काय सांगन, पाय वर घेऊन झोपवा म्हनन. झोपवून दाखव तू." तिने पाय पुसायला घेतले. "गाडी उभी असली का ड्रायवर इंजिन सोडत नाई. तवा गाडी अडकली का असेच बसून राह्यचे, घरी आले का पाय माह्या मांडीवर. पन तवा जवान होते, शालिक."

देवाजी दोघांच्या डोक्यांवरून सिग्नलकडे बघत होता. मधूनच मान कलायची आणि तो दचकून परत ताठ व्हायचा.

"सिग्नल पाड," अंजनाबाई म्हणाली.

"पाडला का जातीन ते. सीधे फाटकावर जातीन."

"जाऊ दे."

"जाऊ दे? आनं मी ड्युटीवर असलो तर? तू धावशीन त्याईच्या मांगं?"

"धावीन."

भिंत धरल्याशिवाय तिला नळापर्यंतही जाता येत नव्हतं. शालिक चिडून हसला. "मालगाडीखाली आले म्हंजे समजन तुले."

अंजनाबाईने ओलं फडकं घमेल्यात टाकलं आणि वर पाहिलं. "म्हंजे हरवून मरन्यापरीस बसून मरनं बरं, असं म्हनून राह्यला का तू?"

असं शालिक म्हणत नव्हता, पण गेले आठ-दहा दिवस करत मात्र तेच होता.

तो उठला. दार लावून त्याने कडी घातली. वहाणा पायात चढवल्या, धावायची वेळ आली तर असाव्यात म्हणून. मग दाराला पाठ लावून उभा राहिला आणि वाकून तार ओढून खिळ्यात अडकवली.

टक आवाज झाला. लाल हात खाली पडला.

देवाजीने डोळे बारीक करून खात्री करून घेतली. मग पिशवी काखोटीला मारली, एक हात प्लायवूडच्या कडेवर ठेवला आणि कण्हत उभा राहिला. शालिकने दोन्ही हात पसरून दार अडवलं. आता हा आपल्या अंगावर येणार, आणि जन्मात पहिल्यांदा बापाशी झोंबाझोंबी करावी लागणार.

देवाजीने दाराकडे पाहिलंही नाही. प्लायवूडची कड धरून तो सुजलेल्या पायांनी एकेक पाऊल आत निघाला. पूल मागे पडला, करवतीने कापलेली जागा मागे पडली, मालधक्का मागे पडला. स्टेशनाशी येऊन तो थांबला आणि त्याने सुस्कारा सोडला. मग पिशवी बायकोच्या हातात दिली.

"लय लेट झाली वं आज," तो म्हणाला. "आउटरलेच ठेवलं होतं त्याईनं."

"मालूम हाय मले," अंजनाबाई म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. "बसा. वाढते."

देवाजी खाटेवर बसून भाकर आणि वरण जेवला. ताटलीत काही उरू दिलं नाही. मग आडवा झाला, आणि अंजनाबाईने त्याच्या पायांखाली गोधडीची घडी सारली. शालिक अजून दाराशीच होता. हात पसरलेलेच आहेत हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. त्याने ते खाली घेतले. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"गाडी गेली ना गा," खाटेवरून बापाचा झोपाळलेला आवाज आला. "सिग्नल वर घे. मांगून दुसरी येऊन राह्यली."

शालिकने तार सैल सोडली. हात आडवा झाला.

"ये आता," अंजनाबाईने दुसरी ताटली वाढत हाक मारली. "तू बी जेवून घे."

शालिकने वहाणा काढल्या आणि एक पाऊल टाकलं. तोच खाटेवर देवाजीचा पंजा वर झाला. डोळे अर्धवट मिटलेले होते, पण पंजा ताठ होता, गाडी थांबवावी तसा.

शालिक थांबला. आडव्या हाताकडे बघून तो मागे सरला आणि स्टुलावर बसला. तिथून चूल दिसत होती, तव्यावरची भाकर, आईने भरून ठेवलेला पाण्याचा गडवा, सगळं दिसत होतं. सगळं चार पावलांवर होतं. बापाचा पंजा झोपेत खाली येईपर्यंत तो ते बघत बसून राहिला.